स्वस्तात विंडोज लायसन्स घेऊन राहिलात? पैसे द्यायच्या आधी एवढं बघा

नागपुरात बर्डीवर लॅपटॉप बघायला गेलं की डॉसवाला, म्हणजे विंडोज न टाकलेला, मॉडेल स्वस्त दिसते आणि दुकानदार लगेच म्हणते, भाऊ विंडोज टाकून देतो, पाचशे द्या फक्त. माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप असाच घेतला आम्ही, ओरिजिनल आहे म्हणाले म्हणून मी पण हो म्हटलं, आणि बरोबर सहा महिन्यांनी तिच्या प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात अ‍ॅक्टिव्हेट विंडोज येऊन बसलं. बिल नव्हतं त्यामुळे दुकानात कोणी ऐकूनच नाही घेतलं. तेव्हा शिकलो ते सांगून राहिलो.

सगळ्यात आधी हे बघा की तुम्हाला लायसन्स विकत घ्यायची गरज आहे का. लॅपटॉप विंडोज 8 किंवा त्यानंतरचं विंडोज टाकूनच कंपनीतून आला असेल तर त्याची की, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेट करायचा कोड, बहुतेक मदरबोर्डमध्येच असते, फॉरमॅट मारून तीच एडिशन टाकली, म्हणजे होम असेल तर होम, की नेट लावल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर हे नक्की करून बघा, बरेच जण उगाच दुसऱ्यांदा पैसे देतात.

लायसन्स आधीचं नसेलच तर होम घ्या. प्रो स्वस्तात मिळून राहिलं म्हणून घेऊ नका, ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला, जोडायचं नसेल किंवा बाहेरून त्या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप करायचं नसेल तर घरच्या कामाला होम पुरते. आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे आता घ्यायचं तर 11 च, पण त्याला टीपीएम 2.0, म्हणजे लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप, लागते, ते आहे का ते आधी तपासा नाहीतर की घेऊन ठेवाल आणि विंडोज चढणारच नाही.

आता खरा मुद्दा. लायसन्स तीन तऱ्हेचं असते. रिटेल म्हणजे तुमच्या नावचं, लॅपटॉप बदलला तर जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. ओईएम म्हणजे त्या एकाच मशीनला बांधलेलं, मदरबोर्ड गेला की ते पण गेलं. तिसरं व्हॉल्यूम, ते कंपन्या आणि संस्थांसाठी असते, तुम्हाला मला सुटं विकायला नाही. दोनशे-चारशे रुपयात लाइफटाइम म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जी की येते ती बरेचदा यातलीच. त्यात केएमएस नावाचा प्रकार आहे, तो 180 दिवसांचा असतो, कंपनीच्या सर्व्हरशी बोलून परत परत रिन्यू व्हावा लागते. बहिणीचं सहा महिन्यांनी का गेलं ते तेव्हा समजलं.

म्हणून दुकानात पैसे द्यायच्या आधी तिथंच सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन उघडायला लावा. डिजिटल लायसन्स लिहिलं असेल तर एक पायरी पार झाली, पण तुमच्या घरच्या लॅपटॉपवर ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस असं काही दिसलं तर सरळ नाही म्हणा. अँटिव्हायरस बंद करून एक छोटी फाइल चालवून देतो म्हटलं तर तिथून उठाच, त्याच फाइलीतून पासवर्ड चोरणारं काहीबाही आत येऊ शकते.

खरा डिस्काउंट कुठं मिळते मग? आधी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची किंमत बघून घ्या, मग दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये किंवा नवीन लॅपटॉपसोबतच घ्या, डॉसवाला अधिक लायसन्स असा हिशोब केला तर विंडोजवालाच बरेचदा परवडते. कॉलेजात असाल तर आयटी विभागात विचारा, पण कॉलेजच्या ईमेलवर ऑफिस मिळालं म्हणजे विंडोज पण मिळालं असं समजू नका.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर लायसन्सचा प्रकार लिहून मागा. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, आपल्या महाराष्ट्राचा 27 ने सुरू होते, जीएसटी पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव जुळते का बघा. लिहून द्यायला कुरकुर केली तर तिथून घेऊच नका. अ‍ॅक्टिव्हेट झाल्यावर लगेच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करा, म्हणजे लायसन्स खात्याला जोडलं जाते आणि पुढं मशीन रिपेअर झाली तर अ‍ॅक्टिव्हेशनची अडचण सोडवायला सोपं जाते. 25 अक्षरांच्या कीचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, आणि की मधेच बंद पडली तर आधी दुकानदाराला मेसेज करून लेखी रिफंड मागा, फोनवर नाही, नाहीच दिला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर त्याच बिलानिशी तक्रार टाका.