खानदेशात पहिले शेत वाहितीस आणणाऱ्या पूर्वजाचा माग कसा काढावा

1818 साली खानदेशात इंग्रजी अंमल बसला, तेव्हा पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि 1803-04 च्या दुष्काळाने उजाड झालेली कितीतरी गावे झाडोऱ्याखाली गेली होती. पुढे ही जमीन ज्यांनी पुन्हा वाहितीस आणली, त्यांत आपला पूर्वज असेल, तर त्याचे आयुष्य आजही बऱ्याच अंशी जुळवता येते.

आरंभ घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीपासून करावा आणि प्रश्न अहिराणीतच विचारावेत. ‘कोणत्या साली आले?’ याला उत्तर मिळत नाही. ‘मानमोडीच्या आधी की नंतर?’ असे विचारले की मिळते, कारण 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीने घरोघरी माणसे नेली होती.

त्यानंतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुने हक्कनोंद पत्रक, फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद, आणि कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, यांच्या नकला मागाव्यात. अर्जात केवळ आजचा गट नंबर देऊ नये. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले असल्याने जुना सर्व्हे नंबर भूमी अभिलेख कार्यालयातून आधी मिळवावा, अन्यथा हेलपाटे पडतात. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदावर जळगावच्या गावापुढेही नुसते ‘जिल्हा खानदेश’ असते. बरेच जुने कागद मोडी लिपीत असतात. अंदाजाने वाचण्यापेक्षा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. शके दिला असल्यास त्यात 78 मिळवावेत. पौष ते फाल्गुन या महिन्यांत बहुधा 79.

सर्वांत बोलका कागद म्हणजे पूर्वजाच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार. माझ्या पणजोबांच्या फेरफारात तीन मुलांच्या नावांखाली ‘विधवा’ एवढ्या शब्दासह पणजीचे नाव आहे आणि त्यापुढे निशाणी अंगठा. ज्या बाईने त्यांच्यासोबत बोरी-बाभळी खणून काढल्या, तिचे नाव मला दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदावर सापडले नाही.

‘पडीक’ हा शब्द मात्र जपून वाचावा. सातपुड्याच्या पायथ्याची जी जमीन दप्तरात पडीक होती, ती पुष्कळ ठिकाणी भिल्लांच्या शिकारीची, मोहाची आणि गुरांची जागा होती. म्हणून शेजारच्या पाड्यावरील वृद्धांचे म्हणणेही तितक्याच आस्थेने टिपून घ्यावे.

शेवटी नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथे आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे जावे. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की ते वही काढतात आणि दहनानंतर अस्थी घेऊन आलेल्या मुलाने सांगितलेली पिढ्यांची नावे समोर येतात. निघण्यापूर्वी ते आपल्या घरची नवी नोंद विचारतील. तेव्हा मुलींची आणि सुनांची नावेही आग्रहाने लिहवून घ्यावीत.