कासवाचं घरटं हलवायचं तर

यंदा नवी पोरं गस्तीला येणार आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली काम सुरू केलं तेव्हा अंडी खाणारे पुष्कळ होते. आता गावोगाव कासवमित्र आहेत. पण आपल्याकडे अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावायचा नाही.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. उजाडायच्या आत पुळणीवर पोचा, नाहीतर कुत्री आणि कोल्हे आधी पोचतात. मादीचा येतानाचा आणि जातानाचा असे दोन माग दिसतील. वर जिथे वाळू विस्कटलेली असते तिथे शोधा. माग आहे म्हणजे अंडी आहेतच असं नाही, कधी ती तशीच परत जाते. बारीक काठी हळूहळू टोचत जा. सहज आत गेली की तिथेच थांबा, पुढे रेटलीत तर अंडं फुटलंच. तिथून पुढे फक्त हात.

आता मुख्य गोष्ट. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून जसं बसलंय तसंच उचला, तसंच ठेवा. वरचा भाग वरच. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू घाला. शंभराच्या आसपास अंडी असतात, मोजताना गप्पा नकोत. आणि बादली मोटरसायकलला लटकवून आणणाऱ्याला मी पुन्हा गस्तीला घेत नाही.

हॅचरी, म्हणजे आणलेली अंडी पुरून उबवायची राखलेली जागा, भरतीच्या रेषेच्या बरीच वर, जाळीच्या कुंपणात. खड्डा दीड फूट खोल, सुरईसारखा: तोंड अरुंद, तळ रुंद. अंड्यांवर आधी ओली वाळू, कोरडी सगळ्यात वर. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर सोडा. पाटीवर तारीख आणि अंड्यांचा आकडा लिहा.

पंचेचाळीस दिवस झाले की वर टोपली पालथी घाला आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघा. उन्हाळा चढला तर सावली करा. वाळू फार तापली की सगळ्या माद्याच निघतात, त्याहून तापली तर पिल्लंच मरतात. निघालेली पिल्लं पाण्यात टाकू नका. ओल्या वाळूवर सोडा, चालू द्या. बॅटरी बंद, पर्यटक दोरीच्या मागे.

दोन-तीन दिवसांनी खड्डा उकरून रिकामी टरफलं आणि न उबलेली अंडी मोजा, वहीत नोंदवा. हे काम कंटाळवाणं वाटून टाळतात. पण तळाशी एखादं पिल्लू अडकलेलं असतं, ते याच वेळी सापडतं.