शॉर्टवेव्हवर ऐकलेल्या परदेशी केंद्राला रिसेप्शन रिपोर्ट कसा पाठवावा

परदेशी रेडिओ केंद्र शॉर्टवेव्हवर ऐकायचे, ते कसे ऐकू आले याचा अहवाल त्या केंद्राला पाठवायचा, आणि केंद्राने तो पडताळून पोच म्हणून पाठवलेले क्यूएसएल कार्ड जपून ठेवायचे, हा छंद मी परभणीजवळच्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, बसून बरीच वर्षे केला आहे. फिनलंड आणि जपानमधले माझे स्नेही मला याच छंदातून मिळाले. नवीन माणसाला मात्र सल्ला मिळतो तो रेडिओ कोणता घ्यावा आणि एरियल किती लांब असावी एवढ्यापुरताच. फ्रिक्वेन्सी आकड्यांत दाखवणारा कोणताही रेडिओ पुरतो आणि दहा-पंधरा मीटर तार लिंबाच्या फांदीला बांधली की एरियल होते; ती विजेच्या तारांपासून लांब असावी, इतकेच.

शॉर्टवेव्हचे पट्टे लहरींच्या लांबीवरून, मीटरमध्ये, ओळखले जातात; रात्री ४९, ४१ आणि ३१ मीटरचे पट्टे धुंडाळावेत, दिवसा १९ आणि १६ मीटरचे. बहुतेक केंद्रे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपले वेळापत्रक बदलतात, त्यामुळे मागच्या हंगामाची यादी हाताशी धरून बसू नये. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखर इतकी असते की लोडशेडिंगची वेळ ही ऐकण्यासाठी सर्वांत चांगली वेळ ठरते.

खरी अडचण अहवाल लिहिताना येते, आणि तिथेच मी पहिले वर्षभर चुकत राहिलो. पत्रे जात होती, उत्तरे येत नव्हती. दोष टपालाचा आहे असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात माझे अहवाल पडताळण्याजोगेच नव्हते.

पहिली चूक वेळेची होती. अहवालात वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत, लिहावी लागते. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे हे सर्वांना ठाऊक असते, पण पहाटे साडेपाचच्या आधी ऐकले असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते, हे लक्षात राहत नाही. १२ जानेवारीला पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी ऐकलेला कार्यक्रम यूटीसीप्रमाणे ११ जानेवारीच्या २२ वाजून ४० मिनिटांचा असतो. मी वेळ बदलत होतो आणि तारीख तशीच ठेवत होतो. केंद्रातला माणूस त्या तारखेची नोंद काढून पाहत असेल तेव्हा माझा कार्यक्रम त्याला तिथे सापडणे शक्यच नव्हते. यावर माझा उपाय असा की नोंदवहीजवळ यूटीसीला लावलेले दुसरे स्वस्त घड्याळ ठेवावे आणि ऐकतानाच त्यातली वेळ लिहावी, नंतर हिशेब करू नये. महिनाही अक्षरांत लिहावा, कारण ११/०१ हे अमेरिकेत १ नोव्हेंबर असे वाचले जाते.

दुसरी चूक सिन्पोची, आणि ती अधिक अवघड आहे. सिन्पो म्हणजे पाच अंकांचा संकेत: पहिला अंक सिग्नलच्या ताकदीचा, दुसरा इतर केंद्रांच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा आवाज कमीजास्त होण्याचा आणि पाचवा एकूण दर्जाचा. प्रत्येक अंक १ ते ५ मधला असतो आणि पाचही ठिकाणी ५ म्हणजे उत्तम. मी अडथळा मुळीच नव्हता म्हणून तिथे १ लिहीत असे, खरखर नव्हती म्हणून तिथेही १. असा ४११४४ हा संकेत वाचणाऱ्याला सांगतो की दुसऱ्या केंद्राने आणि खरखरीने मिळून कार्यक्रम पार बुडवला होता, आणि तरीही ऐकणाऱ्याला तो चांगला वाटला. असा अहवाल कोणी गंभीरपणे घेणार नाही. अडथळा नसेल तर ५ लिहावेत.

हे कळल्यावर मी उलट टोकाला गेलो आणि पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकाची तारीफ करावी तसे सगळीकडे ५५५५५ लिहू लागलो. तेही चुकीचे आहे. आपला आवाज कुठे कमी पडतो हे केंद्राला ऐकणाऱ्याकडूनच कळते, म्हणून जे खराब आहे ते खराबच लिहावे. पाचवा अंक पहिल्या चारांची सरासरी नव्हे. सिग्नल ४ असला तरी खरखरीमुळे शब्द कळत नसतील तर एकूण दर्जा २ च. खरखर कशाची हेही एका वाक्यात लिहावे. आमच्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला शेतात झटका मशीन, म्हणजे विजेचे कुंपण, लावतात, आणि तिची टक्‌टक् रेडिओत साधारण दर सेकंदाला उमटते. ती मी आधी लपवत असे. पुढे स्पष्ट लिहिली, आणि मला पहिले खरे उत्तर त्याच अहवालाला आले.

कार्यक्रमाचा तपशील किमान वीस मिनिटांचा आणि मिनिटागणिक असावा: अमुक वेळी ओळखधून, अमुक वेळी स्त्री निवेदिकेने वाचलेली बातमी आणि तिचा विषय, मग कोणते वाद्य. ‘संगीत छान होते’ याने काही सिद्ध होत नाही. कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसेल असे काहीतरी अहवालात आलेच पाहिजे. फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये लिहावी; शॉर्टवेव्हवरची प्रसारण केंद्रे सहसा पाचच्या पटीतल्या आकड्यावर असतात, त्यामुळे रेडिओवर ९६८७ दिसत असेल तर ट्यूनिंग थोडे सरकवून ९६८५ की ९६९० याची खात्री करून घ्यावी. आणि आवाज ज्या देशाचा, मनोराही त्याच देशात असे गृहीत धरू नये: जर्मनीच्या डॉइचे वेलेचे एक प्रक्षेपण केंद्र कित्येक वर्षे श्रीलंकेत त्रिंकोमाली येथे होते.

एका गोष्टीबाबत मी कोणाचेही ऐकून घेत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून कोणालाही चालवता येतो, आणि तो अभ्यासासाठी फार उपयोगी आहे. पण तिथे ऐकलेले केंद्र ‘परभणीत ऐकले’ म्हणून कळवणे हा खोटेपणा आहे. तसे कार्ड मिळवणाऱ्याने ते मला दाखवू नये.

अहवालाखाली रेडिओचे आणि एरियलचे वर्णन द्यावे, गावाचे नाव द्यावे आणि ते मुंबईच्या पूर्वेला किती दूर आहे ते लिहावे. परभणीसाठी मी सुमारे ४०० किलोमीटर असे लिहितो. कार्ड हवे असल्यास नम्रपणे मागावे. ई-मेल चालत असेल तर एक-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण जोडावे.

छंदातल्या दूरच्या माणसांना लिहिण्याची रीतही हीच आहे. ओळख नसताना ‘मला मैत्री करायची आहे’ असे लिहून काही होत नाही; ‘त्या रात्री ३१ मीटरवर मला हे केंद्र असे ऐकू आले, तुमच्याकडे कसे होते?’ असे विचारले की उत्तर येते. फिनलंडचे छंदी लोक थंडीत लॅपलँडमध्ये जाऊन शेकडो मीटर लांब तारा टाकून दूरची मध्यमलहरी केंद्रे ऐकतात. जपानमध्ये १९७०च्या दशकात शाळकरी मुलांमध्येही या छंदाची मोठी लाट होती आणि त्या पिढीतले कित्येकजण आजही ऐकतात. माझ्या फिनिश स्नेह्याने झटका मशीनविषयी वाचून पहिल्याच पत्रात त्याच्याकडच्या विद्युत कुंपणाची टक्‌टक् कशी ओळखायची ते दोन पाने भरून लिहिले होते, आणि ती दोन पाने मी अजून नोंदवहीत ठेवली आहेत.

पुढे प्रवासाचा योग आला तर वेळ आधी ठरवून घ्यावी आणि छोटा रेडिओ हातातल्या पिशवीत, बॅटरी काढून, ठेवावा. भेटवस्तूची चिंता करू नये. दोघांनीही एकाच रात्री एकच केंद्र ऐकले असेल अशी तारीख पत्रांतून शोधून काढावी आणि नोंदवहीतले ते पान सोबत न्यावे. तिकडच्या माणसाने आपले पान शेजारी ठेवले की पहिला तास मिनिटागणिक नोंदी ताडून पाहण्यातच जातो, आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीने कोणाचेही अडत नाही.