शॉकअपचा अडकलेला नट: पाना लावण्याआधी काय काय जमवायचं

मागचे शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बदलणं तसं तासा-दीड तासाचं काम. वरचा एक नट, खालचा एक बोल्ट, जुना काढायचा, नवा बसवायचा. ते दोन दिवसांवर जातं ते एका नटापायी. नट हट्टी असतोच, पण खरी पंचाईत होते ती त्याला सोडवणारी वस्तू घरात नसते आणि गाडी तोवर वर उचललेली असते, याची.

ही तयारी मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असणाऱ्या किंवा पाट्यांच्या स्प्रिंगांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. पुढच्या स्ट्रटचं गणित निराळं. तिथे स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर दाबून बसवलेली असते आणि वरचा मधला नट तिला धरून ठेवतो. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता तो सोडला तर स्प्रिंग उसळून माणूस जायबंदी होतो. त्या नटाला घरी हात लावू नका.

सुरुवात विजेरीने करा, पान्याने नाही. तीन-चार दिवस आधी डिकीतलं अस्तर उचलून किंवा गाडीखाली वाकून दोन्ही टोकं नीट बघा. प्रत्येक टोकाला एकच प्रश्न विचारायचा: यातलं भंगारात काय जाणार आणि गाडीत काय राहणार? वरचा नट शॉकअपच्या दांड्यावरच (आत-बाहेर सरकणाऱ्या सळीवर) बसलेला असेल तर दांडाही जुना, नटही जुना, तुटला तरी चालेल. पण बोल्ट चॅसीला वेल्ड केलेल्या नटात जात असेल, किंवा काही जीपवजा गाड्यांत असतो तसा आटे पाडलेला पिन चॅसीलाच जोडलेला असेल, तर तो तुटला की वेल्डिंगवाल्याकडे जावं लागतं. पहिल्या ठिकाणी बेधडक वागा, दुसऱ्या ठिकाणी तेल आणि धीर. दोन्हीकडे सारखाच जोर लावणारा माणूस हमखास नको तिथे तोडतो.

त्याच वेळी मापं लिहून घ्या. वरचा नट बहुधा १० किंवा १२ मिमीच्या आट्यांचा असतो आणि त्याला १४, १७ किंवा १९ चा पाना लागतो. खालचा बोल्टही याच घरातला. दांड्याच्या टोकाला काय आहे तेही बघा: दोन चपट्या बाजू, की आत एल-कीचं सहा कोनी भोक. नट एक आहे की एकावर एक दोन? दोन असतील तर खालचा धरून आधी वरचा सोडायचा, दोघांना एकदम फिरवायला जायचं नाही. नटाच्या माथ्याशी पांढरी किंवा निळी प्लॅस्टिकची कडी दिसली तर तो नायलॉक, म्हणजे आपोआप ढिला न होणारा नट. तो गंज नसतानाही आट्यांच्या शेवटपर्यंत जडच फिरतो, त्यामुळे तो अडकलाय असं समजून घाबरू नका. मात्र परत वापरू नका.

नव्या शॉकअपचा खोका दुकानातच उघडा. नट, वाट्या, रबरं, मधली नळी सगळं आत आहे का, नव्या दांड्याचे आटे जुन्यासारखेच आहेत का, ते तिथेच बघायचं. शॉकअप जोडीनेच घ्यायचे, एका बाजूचा नवा आणि दुसरा जुना असं नको. खालचे बोल्ट नवे घ्या, जुन्याच्या लांबीचे आणि जुन्याच ग्रेडचे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. बिनआकड्याचा साधा बोल्ट स्वस्त मिळतो, इथे तो चालत नाही.

आता तेल. नेहमीचं डब्ल्यूडी-४० घरात असतंच, पण त्याच्या नावातलं डब्ल्यूडी पाणी हटवण्यासाठी आहे. १९५३ मध्ये ते बनलं तेच ओल दूर ठेवायला. हलक्या गंजाला पुरतं, जुन्या गंजासाठी गंज सोडवणारं वेगळं पेनिट्रेटिंग तेल मागून घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून बरेच जण वापरतात आणि ते काम करतं. पण ते लगेच वेगळं होतं म्हणून दर वेळी हलवावं लागतं, अ‍ॅसिटोन भुरकन पेटतं आणि रंग उतरवतं. डिकीच्या आत ते नकोच.

तेल मारण्याआधी तारेचा ब्रश, हा क्रम चुकवू नका. नटाच्या वर दांड्याचे जे उघडे आटे दिसतात, त्यांत चिखल आणि गंज भरलेला असतो. नट सुटला तरी त्याला त्याच आट्यांवरून बाहेर यायचं असतं, आणि अर्ध्या वाटेत तो पुन्हा धरतो तो तिथेच. आटे ब्रशने चकचकीत करा, खाचांत खिळ्याच्या टोकाने खरवडा, मग तेल. सकाळ-संध्याकाळ दोनदा, निदान दोन दिवस. दर वेळी तेलानंतर नटाच्या कडेवर हातोडीच्या पाच-सहा हलक्या टपल्या; हादऱ्याने गंजाला भेगा पडतात आणि तेल आत शिरतं. चॅसीतल्या वेल्ड केलेल्या नटाला शक्य असेल तर मागच्या तोंडाकडूनही तेल द्या. समुद्राकाठच्या गाड्यांना, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी, मालवणकडच्या, दोन ऐवजी चार दिवस धरा. खारी हवा आणि पावसाळाभर साचलेला चिखल मिळून नट आणि वॉशर एकजीव करून टाकतात. सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली त्याच वयाची गाडी याच्या पाव मेहनतीत सुटते.

पान्यांत काटकसर करू नका. गोटी (नटावर बसणारा सॉकेट) सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी नटाला फक्त कोपऱ्यांवर धरते, आणि गंजाने आधीच झिजलेला नट दोन झटक्यांत गोल होतो. अ‍ॅडजस्टेबल पाना पेटीतच राहू द्या. दांडा आणि नट एकत्र फिरत असतील, आणि वरच्या टोकाला हेच सगळ्यात जास्त घडतं, तर दोन्ही एकाच वेळी धरायला लागतं: नटाला वाकडा रिंग पाना आणि त्याच्या मधून दांड्याला एल-की किंवा चपट्या बाजूंना छोटा पाना. जागा खोल खड्ड्यात असेल तर रिंग पाना पोहोचत नाही. तिथे बाहेरून षटकोनी असलेली स्पार्क प्लगची गोटी मापात बसली तर फार कामाची: तिला बाहेरून पान्याने फिरवायचं आणि वरच्या भोकातून एल-की आत सोडायची. याशिवाय ग्रिप प्लायर, कानस, जाड छन्नी, एक किलोचा हातोडा, हॅक्सॉ आणि दोन-तीन कोऱ्या ब्लेड जवळ ठेवा.

पान्याला पाइप जोडून लांबी वाढवायची सवय इथे नडते. ३० सेंटिमीटरच्या लांबीवर ५० किलोचा जोर म्हणजे जवळपास १५० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप). ८.८ ग्रेडचा १० मिमीचा बोल्ट आवळतातच मुळी ४५ ते ५० न्यूटन-मीटरला. पाइप लावून तुम्ही त्याच्या तिप्पट जोर देताय, बोल्ट तुटणार नाही तर काय होईल? त्यापेक्षा आखूड पाना लावून त्याच्या टोकावर हातोडीचा झटका द्या. आणि आधी सोडायच्या दिशेने नाही, आवळायच्या दिशेने किंचित. गंजाची पकड तुटल्याचा बारीक 'कट्' ऐकू आला की मग उलटं. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, पुन्हा तेल. गाडीखाली आडवं पडल्यावर डावं-उजवं हमखास उलटतं, म्हणून सोडायच्या दिशेचा बाण खडूने चॅसीवरच काढून ठेवा.

आग हा विषय वेगळा काढून सांगायला हवा. शॉकअपच्या नळकांड्यात तेल असतं, गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजनही. त्या नळकांड्याला ज्योतीचा गॅस टॉर्च कधीही लावायचा नाही. तापवायचाच तर फक्त नट, तोही चॅसीकडच्या बाजूचा आणि आसपास काही जळण्यासारखं नसताना. ज्या फुगण्यावर आपला भरवसा असतो ते किती असतं? १२ मिमीच्या नटाचं भोक २०० अंश तापवल्यावर मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढं वाढतं, केसाच्या जाडीच्या निम्म्याइतकंही नाही. गंज फोडायला ते पुरतं, पण नट भराभर तापायला हवा. सावकाश तापवला तर आतला बोल्टही तितकाच फुगतो आणि मेहनत वाया. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी, ब्रेकचा होज (रबरी नळी) आणि रबरी बुश (जोडातलं रबराचं अस्तर) हातभर अंतरावर असतात. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी, २०० बार दाबाची, आणि कित्येक गाड्यांत वरचा नट नेमका तिच्या कुशीत. सीएनजी असेल तर टॉर्च नाही, ग्राइंडरही नाही. हॅक्सॉ आणि छन्नी, बस्स. टाकी काढल्याशिवाय हात पोहोचत नसेल तर हे काम घरचं नाही, किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाचं आहे.

गाडी उचलायची जागा आदल्या दिवशी ठरवा. मागची चाकं उचलली की हँडब्रेक निरुपयोगी होतो, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये ठेवली तर थोडी मदत होते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तीही नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. खाली दोन टनांचे दोन जॅक स्टँड, फक्त जॅकवर गाडी ठेवून आत शिरायचं नाही. सिमेंटचे पोकळ ब्लॉक नकोत, जांभ्याचा चिरा तर अजिबात नको. वजनाखाली तो कधी भुगा होईल ते सांगता येत नाही. डांबरावर काम असेल तर उन्हाळ्यात स्टँडचे पाय रुततात, खाली १८ मिमीच्या प्लायचे तुकडे टाका.

एक दुसरा जॅक एक्सलसाठी, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यासाठी लागतो, आणि तो बहुतेकांच्या यादीत नसतो. अनेक गाड्यांत एक्सलला खाली लोंबण्यापासून शॉकअपच रोखतो. तो सुटला की एक्सल खाली येतो, ब्रेकचा होज ताणला जातो, कधी स्प्रिंग जागेवरून निघते. जॅक एक्सलखाली लावून शॉकअपवरचा ताण काढून घ्या. बोल्ट बाहेर न येण्याचं अर्ध कारण हा ताणच असतो: नट निघालेला असतो, बोल्ट तिरपा दाबला जाऊन अडकलेला असतो. जॅक दोन बोटं वर-खाली केला की तो ढिला पडतो.

डोळ्यांना चष्मा लावाच. गंजाचा पापुद्रा वरून थेट डोळ्यात पडतो.

आता तोडायची वेळ आलीच तर काय, तेही आधी ठरवलेलं बरं. वरचा दांडा काही केल्या फिरायचा थांबत नसेल तर रबरी टोपी खाली ओढून दांड्याला ग्रिप प्लायरने आवळा. क्रोमवर ओरखडे पडले की ऑइल सील जातो, पण हा दांडा भंगारात जाणार आहे. नव्या दांड्याला मात्र पक्कड लावायची नाही. चपट्या बाजू गोल झाल्या असतील तर कानसीने नव्या पाडा. तेही जमलं नाही तर हॅक्सॉने नट उभा कापा, दांड्याला समांतर, आटे लागेपर्यंत, आणि खाचेत छन्नी घालून फोडा. दांडा मधूनच कापायचा झाला तर त्याचा वरचा थर इतका कडक असतो की हॅक्सॉ घसरते, ग्राइंडर लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवताना शेजारच्या गाड्यांवर जुनी चादर टाका, ठिणग्या काचेवर बसल्या की त्यांचे गंजाचे ठिपके निघत नाहीत आणि मग शॉकअप राहतो बाजूला.

खालच्या टोकाला वेगळीच खोड असते. नट निघतो, पण बोल्ट बुशातल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला. फिरवला की थोडा फिरतो, सोडला की रबर पिळलेलं असल्याने परत येतो. हातोडीने ठोकून टोक चेपवू नका. ठोकायचंच तर जुना नट दोन फेरे चढवून त्याच्यावर. हलला नाही तर ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत ब्लेड घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. म्हणूनच नवे बोल्ट आधी आणायला सांगितले.

नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबा आणि सोडा, आत अडकलेली हवा निघते. आट्यांना जरासं कॉपर ग्रीस. मात्र ग्रीस लागल्यावर तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) बोल्टला जास्त ताणतो, म्हणून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याच्या पुढे जायचं नाही. रबरी बुशाचा खालचा बोल्ट आधी हातानेच लावा, आणि चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावर शेवटचा आवळा. हवेत लोंबताना आवळला तर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

काम रविवारी काढू नका. बोल्ट तुटतो तो दुपारी, आणि त्या दिवशी हार्डवेअरचं दुकान आणि वेल्डिंगवाला दोघंही बंद असतात. शनिवारी सकाळी, दोघांचा नंबर फोनमध्ये घेऊन.