न्यूयॉर्कमध्ये घरमालक हीट देत नसेल तर तक्रार कशी करावी

‘घर फार थंड पडतं’ एवढ्यावर न्यूयॉर्क शहरात मालकाचं काही बिघडत नाही. कायदा आकडे बघतो, तेव्हा आधी ते पाठ करा. हीटचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मे. सकाळी ६ ते रात्री १० मध्ये बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं, की घरात किमान ६८ हवं. रात्री १० ते सकाळी ६ किमान ६२, बाहेर कितीही असो. गरम पाणी मात्र बाराही महिने, चोवीस तास, किमान १२० अंश.

तक्रारीआधी रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारं लोखंडी उपकरण, बघा. तो वाफेचा असेल आणि त्याला एकच पाइप असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धवट ठेवला तर आत पाणी साचतं आणि तो नुसता ठणठण वाजतो. मालकाला लेखी कळवा, मेसेज चालतो.

आता नोंदी. थर्मामीटर खोलीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर धरा. खिडकीच्या कट्ट्यावरचा आकडा खिडकीचा असतो, खोलीचा नव्हे. नोंद अशी हवी: ‘१४ जानेवारी, पहाटे ५.१०, झोपायची खोली ५८, बाहेर २१.’ सोबत फोटो. गरम पाण्याचा नळ दोन-तीन मिनिटं सोडून मगच पाणी मोजा.

३११ वर, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकावर, फोन करा किंवा त्यांच्या अ‍ॅपवरून तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

बहुतेक तक्रारी यानंतर मरतात. शहराचं गृहनिर्माण खातं, म्हणजे एचपीडी, आधी मालकाला गाठतं आणि मग तुम्हाला फोन करून विचारतं: हीट आली का? रेडिएटर हाताला कोमट लागला म्हणून ‘हो’ म्हणालात, की तक्रार बंद. थर्मामीटर वाचल्याशिवाय उत्तर देऊच नका. दुसरी अडचण: मालकाला आधीच कळलेलं असल्यामुळे इन्स्पेक्टर येईपर्यंत बॉयलर सुरू झालेला असतो, आणि इन्स्पेक्टर त्या क्षणी जे मोजेल तेच लिहितो. म्हणून हीट पुन्हा गेली, की पुन्हा नवी तक्रार, दर वेळी. शेजाऱ्यांनाही आपापल्या घरातून करायला लावा. एकट्या घराची तक्रार अशक्त पडते. दार उघडायला घरात कोणीतरी हवंच.

कमी तापमान नोंदलं गेलं तर ते ‘क’ वर्गाचं, म्हणजे तातडीच्या धोक्याचं उल्लंघन ठरतं. तरीही मालक हलला नाही तर हाउसिंग कोर्टात ‘एचपी’ दावा, म्हणजे मालकाला दुरुस्तीचा हुकूम द्यावा असा दावा, लावा. फी ४५ डॉलर, उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. वकील सक्तीचा नाही. परस्पर भाडं थांबवू नका. भाडं थकल्याचा उलट दावा तुमच्यावरच येतो. आणि ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

कोर्टात जाताना फोटो छापून न्या, फोनमध्ये ठेवून भागत नाही.