नीटमध्ये नंबर लागेल का? हिशेब घरीच असा करा

नीटचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी एकच प्रश्न: "एवढ्या मार्कांत मेडिकल लागेल का हो?" मेडिकल म्हणजे मेडिकल चौकातलं शासकीय कॉलेज, ते नाही तर मेयो, म्हणजे शहरातलं दुसरं शासकीय कॉलेज. शेजारचे काका म्हणतात लागतं, क्लासवाले म्हणतात रिपीट करा. दोघांना चहा पाजा आणि वही-पेन घेऊन बसा.

पहिली गोष्ट, मार्क बाजूला ठेवा. 2024 च्या सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे 686. त्यामुळे "मागे 600 वर लागलं होतं" याला काही अर्थ उरत नाही. हिशेब ऑल इंडिया रँकवर करायचा. "क्वालिफाय" या शब्दावर पेढेही वाटू नका. 2025 मध्ये खुल्या प्रवर्गात 144 मार्कांवर मूल पात्र ठरत होतं. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, बस्स.

आता खरं काम. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवरून मागच्या दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या निवड याद्या उतरवून घ्या. पहिल्या फेरीची यादी पाहून हातपाय गाळणारे बरेच भेटतात. पुढच्या फेऱ्यांत मुलं एम्सला किंवा दुसऱ्या कॉलेजला जातात, जागा सुटतात आणि यादी खाली सरकते. यादीत आपलं कॉलेज शोधा आणि जागा कोणत्या कोट्यातून दिली तो रकाना बघा. सगळे चुकतात ते इथेच. ओबीसी मुलीला खुल्या जागेवर प्रवेश मिळालेला असतो, तिची रँक पाहून आपण ओबीसीचा कटऑफ ठरवून मोकळे होतो! विद्यार्थ्याचा प्रवर्ग वेगळा, जागेचा वेगळा. मुलींच्या राखीव जागाही वेगळ्या मोजा.

प्रत्येक वर्षाची शेवटची रँक वहीत लिहा. समजा ती 35, 38 आणि 41 हजार निघाली. तुमची 33 असेल तर निवांत झोपा, 39 असेल तर काठावर, 50 असेल तर त्या कॉलेजपुरती आशा सोडून यादीत खाली या. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळलाही शासकीय कॉलेजं आहेत.

घरातली मोठी माणसं अजून सांगतात की विदर्भातल्या जागांपैकी 70 टक्के विदर्भातल्याच मुलांना. तो नियम 2020 मध्ये गेला. आता लातूर-पुण्याची मुलंही याच रांगेत आहेत, आणि आपल्यालाही तिकडची दारं उघडी आहेत.

शासकीय कॉलेजातल्या 15 टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात, 85 टक्के राज्याच्या. मिहानमधलं एम्स आणि वर्ध्याजवळच्या सावंगीचं अभिमत विद्यापीठ एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीकडून भरतं, त्यांचा हिशेब वेगळा मांडा. तिथे राज्याचा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) दाखला चालत नाही.

निकाल अजून लांब असेल तर पूर्ण अभ्यासक्रमाचे शेवटचे पाच सराव पेपर घ्या. दुपारी 2 ते 5, ओएमआर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) भरून, मोबाइल बाहेरच्या खोलीत. सगळ्यांत चांगला पेपर काढून टाका आणि उरलेल्या चारांची सरासरी धरा. बरोबरला 4, चुकीला वजा 1: 150 बरोबर, 25 चूक, 5 सोडले तर 575 होतात. त्या 25 पैकी किती तुक्के होते ते मुलालाच विचारा. खरं उत्तर मिळेलच असं नाही.

आणि दाखले. राखीव जागेवर हिशेब बसवला असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का? ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती), एसईबीसीवाल्यांचं नॉन-क्रीमीलेअर चालू मुदतीचं आहे का? "अर्ज टाकलाय" म्हणजे हातात आहे असं नव्हे. याद्या उतरवायच्या आधी फाइल उघडून बघा.