साताऱ्यात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कशी शोधायची आणि आत कसं जायचं

दारू सोडायचीय म्हटलं की आपल्याकडे सल्ले देणारे पैशाला पासरी. माळ घाल, देवापुढं शपथ घे, नाहीतर बायकोला सांगतात की गुपचूप जेवणातून पावडर दे. माळ घालून ज्याची सुटली त्याचा मला आनंदच आहे, पण ती पावडर कृपा करून कुणी देऊ नका, पुडीत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि माणसाने वरून दारू घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

मी सांगतोय ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसबद्दल, म्हणजे एए, दारूचा त्रास असलेली माणसं मीटिंगला एकत्र बसून एकमेकांना सोडायला मदत करतात ती संघटना. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर बाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघंही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बोलत पिण्यावाचून राहिले, तिथून हे सुरू झालं. फी नाही, अ‍ॅडमिशन नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. कुणी मीटिंगला बसायचे पैसे मागितले तर ती एए नाही, सरळ उठून या.

त्याआधी एक. सकाळी उठल्या उठल्या घेतल्याशिवाय हात थांबत नसतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस दगावूही शकतो. आधी सिव्हिलला मानसोपचारच्या डॉक्टरांना दाखवा, सांगली-मिरजवाल्यांनी तिकडच्या सरकारी दवाखान्यात. मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे, दोन्ही बरोबर चालतं.

ग्रुपचा फोन नंबर मिळवणं सोपंय. एएच्या भारतातल्या वेबसाईटवर बघा, नाहीतर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाईन आहे तिथं विचारा, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली परिवर्तन संस्था आहे, तिथंही विचारता येईल.

खरी अडचण पुढं आहे, नंबर हातात आल्यापासून खोलीच्या दारापर्यंत. मी स्वतः इथंच लटकलो होतो आणि नवीन येणारे बहुतेक इथूनच माघारी जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेटवरच्या पत्त्यावर विसंबून थेट जाऊ नका. ग्रुपची स्वतःची जागा बहुतेक नसतेच, कुठं शाळेचा वर्ग, कुठं चर्चचा हॉल, कुठं दवाखान्यातली खोली, आणि शाळेची परीक्षा लागली किंवा हॉलमध्ये कार्यक्रम असला की जागा बदलते आणि नेटवर जुनाच पत्ता राहतो. तुम्ही सगळा धीर गोळा करून जाता, दाराला कुलूप, आणि तिथून परत येताना रस्त्यात बार लागतो. म्हणून आदल्या दिवशी फोन करायचाच. आणि तो ज्याला सोडायचीय त्याने स्वतः करायचा, बायकोने नाही, भावाने तर नाहीच. पलीकडचा माणूसही तुमच्यासारखाच असतो, नाव नाही सांगितलं तरी चालतं, एवढंच म्हणायचं की मला दारूचा त्रास आहे, मला मीटिंगला यायचंय. मग उद्याची मीटिंग नक्की आहे का, किती वाजता, खोली कुठल्या मजल्यावर, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड (ओपनला घरचे येऊ शकतात, क्लोज्डला फक्त दारूचा त्रास असलेले), एवढं विचारून घ्या आणि शेवटी हे मागाच, की दादा, तुम्ही बाहेर उभे राहाल का. राहतात. बाहेर बोर्ड असेलच असं नाही, आणि खालच्या पानवाल्याला विचारायची वेळ आली की नवीन माणूस तिथूनच घरी जातो.

दुसरी भीती, कुणीतरी ओळखीचं बघेल. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत गेलं तरी चार ओळखीचे भेटतात, हे मान्य, म्हणून पुष्कळजण म्हणतात मी पुण्याला जाईन, कोल्हापूरला जाईन. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका. लांबच्या मीटिंगला माणूस एकदा जातो, दोनदा जातो, मग पाऊस, लग्न, पगार झालेला नसतो, संपलं. जवळची मीटिंग दर आठवड्याला होते. आणि आत ओळखीचा भेटलाच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हा तिथला नियमच आहे. तुम्ही पिऊन रस्त्यात पडलेलं गावाने बघितलेलंच असतं.

आत गेल्यावर फार काही नाही. मागं बसा, बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. स्वखुशीच्या वर्गणीचा डबा फिरतो, त्यात पहिल्या दिवशी काही टाकायची गरज नाही. निघताना एक-दोघांचे फोन नंबर घ्या, रात्री तलफ आली की तेच कामाला येतात.

एका मीटिंगवरून ठरवू नका. एखाद्या दिवशी एकच माणूस अर्धा तास बोलतो, दुसऱ्या वेळी कुणीतरी तुमचीच गोष्ट सांगतं, चार-सहा मीटिंगा बसल्याशिवाय ग्रुप कळत नाही. नाहीच जमलं तर दुसरा ग्रुप बघा, पण दारूकडे नको.

बाईमाणसाला यायचं असेल तर फोनवरच सांगा की मला एखाद्या ताईंशी बोलायचंय, जोडून देतील. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात, नवरा येवो न येवो, बायकोने आपलं जायला सुरुवात करावी. आणि माण-खटावकडं राहणाऱ्यांनी, ज्यांना रात्री परतीची एसटी मिळत नाही त्यांनी, त्याच फोनवर मराठीतल्या ऑनलाईन मीटिंगची लिंक मागून घ्यायची, कॅमेरा बंद ठेवून बसलं तरी चालतं.